'येस' कोणी दाबलं?

"दादा, स्क्रीन काळी पडली आणि मध्येच काहीतरी विचारतंय. काय दाबू?"

असे फोन मला रोज येतात. मी भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझी बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे, माणकोली या पट्ट्यातल्या गोदामांची ऑफिसं. जिथे भातशेती होती तिथे आता पत्र्याच्या छपरांचे गाळे आहेत. तुम्ही फोनवरून मागवलेले बूट किंवा मिक्सर यातल्याच एखाद्या गाळ्यात एक-दोन रात्री मुक्कामाला राहून तुमच्याकडे आलेला असू शकतो. गाळ्याच्या कोपऱ्यात प्लायवूडची केबिन असते. केबिनमध्ये एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चलनांच्या फायली आणि एक ऑपरेटर. मला फोन करतो तो हा ऑपरेटर. बाहेर ट्रक लागलेला असतो, त्यामुळे त्याला उत्तर लगेच हवं असतं.

स्क्रीन काळी पडते तो बिघाड नसतो. विंडोजवर एखादं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की बाकीचा पडदा अंधारतो आणि मध्ये एकच चौकट उजळ राहते. ती विचारते, या ॲपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का? खाली दोन बटणं असतात. येस आणि नो. तुम्हीही ही चौकट शेकडो वेळा पाहिली असेल, आणि तिच्यावर काय लिहिलंय हे बहुधा एकदाही वाचलं नसेल. मीसुद्धा वाचत नव्हतो.

या चौकटीबद्दल लिहायचं कारण असं की एकदा त्या 'येस'पायी एका मुलाची नोकरी गेली. बटण त्याने दाबलं होतं. पण ते बटण त्याच्या हातात मी दिलं होतं, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो.

*

गोष्ट २०१८च्या पावसाळ्यातली. तेव्हा माझं स्वतःचं दुकान नव्हतं, मी एका दुकानात कामाला होतो. गोदामवाल्यांचे कॉम्प्युटर आम्ही एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या करारावर सांभाळायचो. पैसे ठरलेले, मग फेऱ्या कितीही होवोत. अशा धंद्यात सगळ्यात महाग असते ती फेरी. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमधून भिजत जायचं आणि तिथे जाऊन काम काय, तर पासवर्ड टाकून परत यायचं. म्हणून आमची एक रीत पडली होती. नवीन कॉम्प्युटर बसवला की त्यावर एकच खातं उघडायचं, ते ॲडमिनिस्ट्रेटरचं, आणि त्याला पासवर्ड ठेवायचाच नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे त्या मशीनचा घरमालक. तो हवं ते सॉफ्टवेअर टाकू शकतो, काढू शकतो, अँटिव्हायरस बंद करू शकतो, दुसऱ्यांच्या फायली उघडू शकतो. साधं खातं म्हणजे भाडेकरू. आपल्या खोलीत हवं ते करा, पण भिंत पाडायची तर मालकाला विचारा. साध्या खात्यावरही ती काळी स्क्रीन येते, पण तिथे नुसत्या 'येस'ने भागत नाही, मालकाचा पासवर्ड लागतो. आम्ही कितीतरी ऑफिसांतल्या भाडेकरूंना एका फटक्यात मालक करून टाकलं होतं. त्यात औदार्य काही नव्हतं. आपल्याला फोन येऊ नयेत एवढाच हिशेब.

त्या गाळ्यातला ऑपरेटर वीस वर्षांचा होता. बी.कॉम. बाहेरून करत होता, पगार महिना नऊ हजार. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी मला फोन करायचा. "दादा, विचारतंय. काय करू?" आणि मी, कुठलं सॉफ्टवेअर, कुठून आणलंस, कशासाठी हवंय, यातलं काहीही न विचारता म्हणायचो, "येस दाब रे. प्रत्येक वेळी काय फोन करतोस?" महिन्याभरात त्याचे फोन बंद झाले. मला वाटलं, पोरगा तयार झाला.

एका संध्याकाळी पार्टीकडून मालाची यादी पीडीएफमध्ये आली. शेठला ती एक्सेलमध्ये हवी होती. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पोराने शोधून एक फुकटचं कन्व्हर्टर उतरवलं. स्क्रीन काळी पडली. त्याने येस दाबलं. यादी एक्सेलमध्ये आली, ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती. बिटकॉइनमध्ये पैसे भरा, मग कुलूप उघडून देऊ. दोन वर्षांचं इनवर्ड-आउटवर्ड, भाड्याची बिलं, पार्ट्यांची खाती, सगळं कुलपात. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम कॉम्प्युटरला जोडलेली. जोडली मीच होती, रोज काढा-घालायची कटकट नको म्हणून. तीही गेली.

शेठने मला विचारलं, "कशाने झालं हे?"

मी म्हणालो, "यानं काहीतरी डाऊनलोड केलेलं दिसतंय."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पोरगा शेजारीच उभा होता. त्याने वादसुद्धा घातला नाही. म्हणाला, "हो. स्क्रीनवर विचारलं होतं. मी येस दाबलं." झालं. मशीनने रीतसर विचारलं होतं, त्याने रीतसर होकार दिला होता, वर कबुलीही दिली होती. त्या महिन्याचे भरलेल्या दिवसांचेही पूर्ण पैसे त्याला मिळाले नाहीत. आमची एएमसी मात्र चालू राहिली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याला मी साधं खातं दिलं असतं तरी धोका संपला नसता. खंडणीचं सॉफ्टवेअर काही वेळा इन्स्टॉल न होताच चालतं, आणि ज्या फायली उघडायचा हक्क आपल्याला आहे त्या कुलपात टाकायला त्याला ॲडमिनचा अधिकार लागत नाही. पण विंडोज फायलींच्या जुन्या प्रती आत राखून ठेवू शकतं, आणि त्या पुसायला तो अधिकार लागतो. वेगळ्या खात्याच्या हक्कात ठेवलेला बॅकअपही वाचू शकला असता. आणि सगळ्यात आधी, त्या कन्व्हर्टरने पासवर्ड मागितला असता, पोराला मला फोन करावा लागला असता. मग कदाचित, निदान तेव्हा तरी, मी विचारलं असतं, "कुठून आणलंस?"

*

"विचारलं होतं ना?" हे वाक्य नीट पाहिलं तर फार चमत्कारिक आहे. प्रश्न विचारला की जबाबदारी विचारणाऱ्याकडून उत्तर देणाऱ्याकडे सरकते, असं आपण धरून चालतो. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात पुढे केलेला कागद आपण असाच सही करून परत देतो. कागद इंग्रजीत असतो, आपला माणूस स्ट्रेचरवर असतो, आणि सही केली नाही तर काय होईल हे विचारायची हिंमत नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या जानेवारीत अशाच एका प्रकरणात निकाल दिला. एका स्त्रीने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती आणि ती भुलीत असताना तिचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. संमती देणारा ती द्यायला समर्थ हवा, ती त्याने आपखुशीने द्यायला हवी, आणि कशाला संमती देतोय याची पुरेशी माहिती त्याला असायला हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, नेमकी आणि माहितीनिशी दिलेली असावी असंच म्हटलं आहे.

आता ही मापं त्या पोराला लावून पाहू. माहिती? चौकटीवर लिहिलेलं असतं, पब्लिशर : अननोन. म्हणजे बनवणारा कोण ते कॉम्प्युटरलाही ठाऊक नाही, तरी तो नऊ हजार पगाराच्या मुलाला विचारतोय. नेमकेपणा? त्याला एक यादी एक्सेलमध्ये करायची होती, आणि त्या एका कामासाठी त्याच्याकडून अख्ख्या मशीनची किल्ली मागितली गेली. आणि आपखुशी? 'नो' दाबलं असतं तर ट्रक थांबला असता, शेठ ओरडला असता. 'येस' दाबल्यावर ट्रक गेला. चौकटीवर बटणं दोन होती, त्याच्यासाठी एकच होतं.

ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही. त्याला फार तर पावती म्हणावं. पुढे काही बिघडलं तर दाखवायला ठेवलेली पावती.

*

ही चौकट ज्यांनी आणली त्यांचा हेतू मात्र वाईट नव्हता. १९७५ साली एमआयटीतल्या जेरोम सॉल्ट्झर आणि मायकल श्रोडर या दोघांनी कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व आजही सगळीकडे शिकवलं जातं. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, त्याहून कणभर जास्त नाहीत. मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हे बऱ्यापैकी पाळलं. घरोघरच्या कॉम्प्युटरवर मात्र उलटं झालं. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवर बहुतेक लोक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचे. सगळे मालक असल्यामुळे सॉफ्टवेअर बनवणारेही बेफिकीर झाले, आपला प्रोग्राम मालकाच्या खात्यावरच चालणार असं धरूनच तो लिहायचे.

२००७च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली आणि तिच्याबरोबर ही काळी स्क्रीन आली. ती इतक्या वेळा यायची की लोक वैतागले. २००८च्या एका परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने उघडच सांगितलं की लोकांना वैताग यावा हाच उद्देश होता. वैतागलेले लोक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना धारेवर धरतील आणि ते आपले प्रोग्राम कमी अधिकारात चालतील असे लिहू लागतील, असा तो हिशेब. पुष्कळ अंशी तो खराही ठरला. आज बहुतेक सॉफ्टवेअर रोजच्या वापरात ॲडमिनचा अधिकार मागत नाही.

पण मधल्या काळात करोडो बोटांना 'येस'ची सवय लागून गेली. मुंबईतल्या रेल्वे स्टेशनांच्या दारात मेटल डिटेक्टरच्या चौकटी असतात ना, तसं झालं. प्रत्येक माणसागणिक ती चौकट वाजते आणि वाजते म्हणून कोणीच थांबत नाही. एका कंपनीला दुसऱ्या कंपनीला शिस्त लावायची होती. त्यासाठी छळ झाला तो तिसऱ्याच माणसाचा. अशी शिस्त लावावी का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. परिणाम चांगला झाला, हे मान्य. पण दरम्यान ज्यांच्या फायली गेल्या, नोकऱ्या गेल्या, त्यांना या शिकवणीत विद्यार्थी म्हणून कोणी बसवलं होतं?

*

हे फक्त छोट्या गाळ्यांतच घडतं असंही नाही. मी कामाला लागलो त्याच महिन्यात, २७ जून २०१७ला, न्हावा शेवाला जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. भिवंडीच्या गोदामांत येणारा कितीतरी माल जेएनपीटीत उतरतो, म्हणून आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. टर्मिनल चालवणारी कंपनी होती मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली. तिच्यावर आदळलं होतं नॉटपेट्या नावाचं सॉफ्टवेअर. दिसायला खंडणीखोर, पण पैसे भरले तरी कुलूप उघडायची सोयच नसलेलं. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं.

ते जगभर पसरलं कसं? युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. नंतरच्या वार्तांकनात असं आलं की मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसात एका अधिकाऱ्याने आयटीवाल्यांना सांगून एका, फक्त एका कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. रीतसर परवानगीने. एका मशीनमध्ये शिरल्यावर नॉटपेट्या विंडोजमधल्या एका जुन्या भोकातून पसरायचं, आणि शिवाय मशीनच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलायचं. त्यात एखाद्या बड्या ॲडमिनचा पासवर्ड सापडला की त्याच्या किल्लीने पुढची सगळी दारं उघडी. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. कंपनीने अंदाज दिला तो वीस ते तीस कोटी डॉलरच्या नुकसानीचा. सगळ्या जाळ्याचा नकाशा ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत वाचली, घानामधली, आणि तीही तिथे नेमकी वीज गेलेली होती म्हणून. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घालत आलेल्या भिवंडीकराला हे वाचून काय वाटलं असेल, कल्पना करा.

मला यातून लागलेली गोष्ट वेगळी आहे. मर्स्कमध्ये 'येस' दाबणारा कोणी अडाणी ऑपरेटर नव्हता. आयटी विभाग होता. ते सॉफ्टवेअर खरं होतं, गरजही खरी होती. म्हणजे शहाण्याच्या हातात किल्ली दिली की प्रश्न मिटला, असं नाही. किल्ली किती दारांना लागते, हा खरा प्रश्न आहे. माणूस चुकणारच. त्याची चूक किती दूर जाऊ द्यायची, हे मात्र आधी ठरवून ठेवता येतं.

हे आपल्याकडे पूर्वीही ठाऊक होतं. शिवाजी महाराजांच्या गडांचा कारभार हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तिघांत वाटलेला असे, असं सभासदाच्या बखरीवरून कळतं. तिघेही एका दर्जाचे. किल्ल्या एकाकडे, पहारा एकाकडे, हिशेब एकाकडे. यातला कोणी वाईट आहे असा संशय त्यामागे नव्हता. एकट्याच्या फितुरीने किंवा एकट्याच्या गाफीलपणाने अख्खा गड जाऊ नये, एवढीच काळजी.

*

मग सरळ सगळ्यांचे अधिकार काढून घ्यावेत का? दुकान सुरू केल्यावर पहिल्या वर्षी मी तेच केलं. सगळ्यांना साधं खातं, पासवर्ड फक्त माझ्याकडे. आणि मग मला बाबांचा पाना आठवला.

बाबांनी उभं आयुष्य भिवंडीत मागावर काढलं. मागाला पाना लावायचा हक्क जॉबरचा. कामगाराने धागा जोडायचा, धोट्यातली कांडी बदलायची, माग बिघडला तर हाक मारून थांबायचं. पण मजुरी मीटरवर. माग बंद म्हणजे मजुरी बंद. बाबांना आवाजावरून कळायचं कुठे सैल झालंय, तरी जॉबर येईपर्यंत हात बांधून उभं राहायचं. म्हणून ते डब्याच्या पिशवीत फडक्यात गुंडाळून एक छोटा पाना ठेवायचे. जॉबरला माहीत होतं, मालकाला माहीत होतं. माग चालत होता तोवर कोणी विचारत नसे. एखाद्या ताग्यात खोट निघाली की मात्र पहिला प्रश्न यायचा, "पाना कोणी लावला?"

ज्याला काम येतं त्याच्या हातातून हत्यार काढून घेणं हा अपमान असतो. बाबांनी तो तीस वर्षं गिळला. मी माझ्या ऑपरेटरांना तोच देत होतो. वळच्या एका गाळ्यात प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला मी दोन दिवस गेलो नाही, तर तिथल्या मुलाने सगळी चलनं पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापली. गोदामाचा सगळा माल कुठे जातो त्याची यादी परक्या कॉम्प्युटरवर. माझा नियम पाळला गेला होता, सुरक्षितता गेली होती.

हिरकणीची गोष्ट आपण आईच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकतो. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्याने उघडायला नकार दिला, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. पण पहारेकऱ्याच्या बाजूनेही ती ऐकून पाहा. तो बरोबरच होता. त्याने दरवाजा उघडला असता तर उद्या कोणीही रडत आलं असतं. तरीही गड त्या रात्री सुरक्षित राहिला नाही, कारण नियमात गरजेला जागा नव्हती आणि गरजेने कडा शोधून काढला. गोष्टीचा शेवट मला सगळ्यात आवडतो. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा गौरव केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. भोक दाखवणाऱ्याला बक्षीस देऊन भोक बुजवायचं. आज मोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्याला बग बाउंटी म्हणतात.

म्हणजे कमी अधिकार देणं एवढंच पुरत नाही. अधिकार आपल्याकडे ठेवला तर हाकेला ओ द्यायची जबाबदारीही आपल्याकडेच येते. जो जॉबर वेळेवर येतो, त्याच्या कारखान्यात पिशवीत पाना लपवावा लागत नाही.

*

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कोणाचे ॲडमिन? आम्ही तर फोनवाले.

आईचा फोन कोणी लावून दिला? बाबांच्या फोनचा गूगलचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? मावशीला व्हॉट्सॲप घालून देताना, कॉन्टॅक्ट, कॅमेरा, माइक, लोकेशन अशा एकामागून एक चौकटी आल्या तेव्हा "सगळं अलाऊ कर गं" असं कोण म्हणालं? अँड्रॉइडवर पूर्वी ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्यांची यादी यायची, घ्या नाहीतर सोडा. २०१५च्या आवृत्तीपासून फोन एकेक परवानगी वेगळी विचारू लागला आणि नाकारायची सोय झाली. पण नाकारता येतं हे मावशीला कोणी सांगितलं?

गेल्या काही वर्षांत लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फायली येतात. त्या टाकताना फोन इशारा देतो, मग मेसेज वाचायची परवानगी मागतो. एवढं मिळालं की ओटीपी थेट चोराच्या हातात. पोलिसांनी याबद्दल वारंवार सावध केलं आहे. अशी फाइल मावशीने उघडली तर घरात पहिला प्रश्न काय येतो, ते तुम्हाला माहीत आहे. "तू हो का म्हणालीस?" तो प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने तिला न वाचता 'अलाऊ' दाबायला शिकवलेलं असतं.

*

तो मुलगा मला दोन वर्षांपूर्वी माणकोलीच्या नाक्यावर भेटला. चहाच्या टपरीवर, गळ्यात आयकार्ड. एका मोठ्या वेअरहाउसमध्ये लागलाय. हातात स्कॅनर असतो, बारकोड वाचायचा, आवाज आला की पुढचा खोका.

"त्यात एकच ॲप चालतं," तो म्हणाला. "दुसरं काही उघडतच नाही. काही विचारत पण नाही." मग हसून म्हणाला, "बरं आहे ना दादा. आता चूक करायलाच जागा नाही."

मी त्याला सांगितलं. पासवर्ड नसलेलं ते खातं, कायम जोडलेली डिस्क, आणि शेठने विचारल्यावर मी काय बोललो आणि काय बोललो नाही. हे वाक्य मी पाच-सहा वर्षं मनात घोळवलं होतं, बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्याने चहा संपवला. म्हणाला, "तुम्ही तेव्हा बोलला असता तर तुमचं काम गेलं असतं?"

"बहुतेक. दुकानाचं काँट्रॅक्ट तरी गेलंच असतं."

"मग कोणी बोललं नसतं," तो म्हणाला. त्याने मला माफ केलं की नुसता हिशेब मांडला, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. शिफ्टची वेळ झाली होती, तो गेला.

आता मी प्रत्येक गाळ्यात दोन खाती उघडतो. रोजचं काम साध्या खात्यावर. ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे असतो आणि बंद पाकिटात शेठच्या कपाटात, कारण मी मेलो किंवा भांडलो तर गाळा अडकायला नको. ज्या ऑपरेटरला काम कळतं त्याला ॲडमिनचं वेगळं खातंही देतो, पण शेठसमोर बसून, आणि काही बिघडलं तर पहिला फोन मला करायचा असं दोघांना सांगून. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवतो. माझा स्वतःचा लॅपटॉपही साध्या खात्यावरच चालतो. तिथे पासवर्ड टाकताना दर वेळी दोन सेकंद जातात आणि त्या दोन सेकंदांत मी चौकटीवरचं नाव वाचतो.

आणि मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवतो. 'चौकट आली की आधी नो. मग मला फोन. रात्री दहापर्यंत. कोणी ओरडणार नाही.' खाली माझा नंबर. शेवटची ओळ लिहिताना शेठलाही शेजारी उभं करतो, कारण ती खरं तर त्याच्यासाठी आहे.

फोन वाढलेत. काल जेवायला बसलो आणि पूर्णाच्या गाळ्यातून एका मुलीचा आला. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता.

"दादा, स्क्रीन काळी पडली होती. मी नो दाबलंय. आता सांगा."

मी ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "नाव काय लिहिलं होतं त्याच्यावर?"